निकालानंतरची माफी

साधी धमकी आणि वंशद्वेषातून दिलेली धमकी यांतला फरक समजून घेतल्याशिवाय अमेरिकेतल्या अलीकडच्या काही गाजलेल्या खटल्यांचा अर्थ नीट लागत नाही. साध्या धमकीमागे बहुधा जुने वैर, देण्याघेण्याचा तंटा किंवा भाऊबंदकी असते, आणि ज्याला धमकी मिळाली तो हे आपल्यावर का ओढवले एवढे तरी सांगू शकतो. वंशद्वेषी धमकी देणाऱ्याला मात्र समोरच्याचे नावही ठाऊक असावे लागत नाही, कारण त्याचा रोख त्या एका माणसावर नसून त्याच्या कातडीच्या रंगावर, म्हणजेच त्या रंगाच्या सगळ्याच माणसांवर असतो. एका घराच्या अंगणात दिलेली अशी धमकी साऱ्या वस्तीने ऐकावी, अशीच तिची योजना असते. अंगावर ओरखडाही न उठता अशा गुन्ह्यात इजा होते ती त्यामुळेच. आणि त्याबद्दलची माफी नेमकी कोणाकडे मागायची, तिने काय भरून निघते आणि न्यायालयाने ती कितपत जमेस धरायची, हे प्रश्नही त्यामुळेच साध्या मारामारीच्या खटल्यापेक्षा अवघड होऊन बसतात.

जॉर्जिया राज्यात अटलांटा शहराजवळ डग्लसव्हिल नावाचे गाव आहे. तेथे जुलै २०१५ मध्ये जे घडले, त्याला आधीच्या महिन्यातील एका हत्याकांडाची पार्श्वभूमी होती. १७ जून २०१५ रोजी साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन शहरात कृष्णवर्णीयांच्या एका जुन्या चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला बसलेल्या नऊ जणांची एका गौरवर्णीय तरुणाने गोळ्या घालून हत्या केली. त्याची कॉन्फेडरेट झेंड्यासह काढलेली छायाचित्रे उजेडात आल्यावर तो झेंडा सार्वजनिक जागांवरून उतरवण्याची मागणी देशभर झाली, आणि १० जुलै रोजी साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनाच्या आवारातून तो उतरवलाही गेला. कॉन्फेडरेट झेंडा म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी १८६०-६१ मध्ये अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या सैन्याचे निशाण होय. काही गौरवर्णीय दाक्षिणात्य त्याला वाडवडिलांचा वारसा मानतात, तर कृष्णवर्णीयांच्या लेखी तो मालकाच्या चाबकाचा झेंडा आहे. झेंडा उतरवल्याच्या निषेधार्थ जॉर्जियातील काही मंडळींनी एक गट स्थापन केला, त्याच्या नावातच झेंड्याचा मान राखण्याचे आवाहन होते, आणि हे झेंडे लावलेल्या पिकअप गाड्यांचा ताफा घेऊन ही मंडळी दोन शेजारच्या काउंट्यांतून, म्हणजे जिल्ह्यांतून, वाटेत भेटणाऱ्या कृष्णवर्णीयांना शिव्या आणि धमक्या देत फिरली.

२५ जुलै रोजी हा ताफा ज्या घरासमोर थांबला, तेथे आठ वर्षांच्या एका कृष्णवर्णीय मुलाचा वाढदिवस चालू होता. अंगणात पोरांना उड्या मारायला हवा भरलेला किल्ला उभारलेला होता, मोठी माणसे खाण्यापिण्याच्या गडबडीत होती, आणि अशा वेळी रस्त्यावरून वंशवाचक शिव्या सुरू झाल्या. पाहुण्यांना ठार मारण्याची भाषा झाली, ताफ्यातील एकाने बंदूक रोखली, आणि धमक्यांतून लहान मुलेही सुटली नाहीत. पाहुण्यांपैकी काहींनी मोबाइलवर त्याचे चित्रण केले. आपल्या गाडीचे चाक पंक्चर झाल्यामुळे आपण थांबलो आणि आधी हल्ला समोरच्यांनी केला, असा बचाव पुढे झाला. ज्यूरीला, म्हणजे सामान्य नागरिकांतून निवडलेल्या आणि आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या पंचमंडळाला, तो पटला नाही.

या खटल्यात सरकारी वकिलांपुढची पहिली अडचण कायद्याचीच होती, कारण जॉर्जियात त्या वेळी द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचा कायदाच अस्तित्वात नव्हता. राज्याने २००० साली असा एक कायदा केला होता. परंतु त्यातील ‘पूर्वग्रह’ ही संज्ञा इतकी सैल होती की प्रतिस्पर्धी संघाची टोपी घातलेल्या माणसाला धमकावणारा एखादा कडवा क्रीडाप्रेमीही तिच्या कचाट्यात सापडेल, असे उदाहरण देऊन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तो रद्दबातल ठरवला, आणि नेमक्या शब्दांत नवा कायदा करण्याची इच्छा विधिमंडळाला पुढची सोळा वर्षे झाली नाही. सरकारी वकिलांनी मग रस्त्यांवरील गुन्हेगारी टोळ्यांविरुद्धच्या कायद्याचा आधार घेतला, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये पंधरा जणांवर आरोप ठेवले. टोळीविरोधी कायदे एरवी कृष्णवर्णीय तरुणांवरच अधिक चालवले जातात, अशी टीका अमेरिकेत जुनी आहे. येथे तो झेंडे मिरवणाऱ्या गौरवर्णीयांवर चालला, हा न्याय काव्यगत असेल, पण वंशद्वेषाला वंशद्वेष म्हणणारे कलमच हाताशी नसावे, हे राज्याला भूषणावह नव्हते.

झेंडा मिरवणे हा गुन्हा नाही, आणि अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने अभिव्यक्तिस्वातंत्र्याला दिलेले संरक्षण इतके भक्कम आहे की किळसवाणे विचारही त्याखाली येतात. या संरक्षणाची सीमा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये ‘व्हर्जिनिया विरुद्ध ब्लॅक’ या निकालात आखली. जळता क्रूस उभा करणे ही कू क्लक्स क्लान या वर्णवर्चस्ववादी संघटनेची कृष्णवर्णीयांना दहशत घालण्याची जुनी रीत होती. ती केवळ क्रूस जाळला एवढ्यावरून दंडनीय ठरवता येणार नाही, परंतु एखाद्या व्यक्तीला किंवा समूहाला धाक घालण्याच्या हेतूने क्रूस जाळल्यास त्यावर बंदी घालता येईल, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात ‘खरी धमकी’ या संज्ञेची फोड करताना न्यायालयाने एक कळीची गोष्ट सांगितली: धमकी प्रत्यक्षात आणण्याचा इरादा धमकावणाऱ्याच्या मनात असलाच पाहिजे असे नाही, कारण कायदा केवळ हिंसेपासून नव्हे तर हिंसेच्या भीतीपासूनही माणसाचे रक्षण करतो. आपण खरोखर काही करणार नव्हतो, ही सबब त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने अर्धीमुर्धीही उरत नाही. माफीच्या भाषेत मात्र ती हमखास शिरते.

द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धच्या कायद्यांचा भारतीयांशी असलेला संबंध मराठी वाचकांना सहसा ठाऊक नसतो. न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत १९८७ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांना हाकलून देण्याच्या धमक्या देणारी एक टोळी उदयास आली. बायकांच्या कपाळावरची टिकली हे तिने आपल्या नावातच लक्ष्य केले होते, आणि तिचे धमकीचे पत्र स्थानिक वृत्तपत्रात छापूनही आले. त्याच वर्षी शेजारच्या होबोकनमध्ये भारतीय वंशाच्या एका तरुणाचा जमावाच्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, आणि मारेकऱ्यांवर खुनाचा नव्हे तर मारहाणीचाच गुन्हा शाबीत झाला. या घटनांनंतर झालेल्या आंदोलनांचा परिणाम म्हणून राज्याने १९९० मध्ये वांशिक धाकदपटशाविरुद्ध कायदा केला. याच राज्यातला आणखी एक खटला माफी आणि कबुलीच्या प्रश्नावर प्रकाश टाकतो. डिसेंबर १९९४ मध्ये व्हाइनलँड गावी, गौरवर्णीयांच्या वस्तीत राहायला आलेल्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर एका गौरवर्णीय माणसाने गोळ्या झाडल्या. ही माणसे काळी असल्यामुळे आपल्याला शेजारी नको होती, असे त्याने पोलिसांना सांगितले, आणि नंतर ते विधान मागे घेतले. त्याने गुन्हा कबूल केला तो गोळीबाराचा, द्वेषाचा नव्हे. न्यायाधीशांनी द्वेषमूलक हेतू होता असे स्वतःच ठरवून कमाल दहा वर्षांच्या शिक्षेची मर्यादा ओलांडत बारा वर्षे दिली, तेव्हा शिक्षा वाढवणारा असा हेतू ज्यूरीपुढे निःसंशय सिद्ध झाला पाहिजे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ‘अप्रेंडी विरुद्ध न्यू जर्सी’ या निकालात सांगितले. कृती कबूल करायची आणि हेतू नाकारायचा, हा पवित्रा अशा अनेक खटल्यांत दिसतो.

डग्लसव्हिलच्या खटल्यातही तो दिसला. २७ फेब्रुवारी २०१७ रोजी एका जोडप्याला शिक्षा सुनावण्यात आली: बंदूक रोखणाऱ्या पुरुषाला वीस वर्षे, त्यांपैकी तेरा तुरुंगात, आणि त्याच्या सोबतिणीला पंधरा वर्षे, त्यांपैकी सहा तुरुंगात, उरलेला काळ न्यायालयाच्या देखरेखीखाली. सुटकेनंतर दोघांना त्या काउंटीत पाऊल ठेवण्याचीही मनाई झाली. त्यांचे कृत्य वंशद्वेषातूनच झाले, असे न्यायाधीशांनी स्पष्टपणे म्हटले. शिक्षेपूर्वी आरोपीला स्वतःच्या शब्दांत बोलण्याची जी संधी अमेरिकी न्यायालये देतात, ती घेताना ती स्त्री रडत रडत त्या कुटुंबाकडे वळली. वेळीच तेथून निघून न जाणे हा आयुष्यातला सर्वांत वाईट निर्णय होता, असे तिने सांगितले, आणि ते शब्द उच्चारणारी ती आपण नव्हेच, आपला जोडीदारही तसा नाही, असेही सांगितले. तिचे अश्रू पाहून देशभरात एकीकडे कणव आणि दुसरीकडे चीड उसळली.

मराठी रंगभूमीवरचा लखोबा लोखंडे न्यायालयात तो मी नव्हेच म्हणतो, तेव्हा तो आपली ओळख नाकारतो. येथे ओळख कबूल होती, चित्रण समोर होते, नाकारला जात होता तो स्वभाव. अपराधाबद्दलच्या माफीत अपराध करणारा आणि माफी मागणारा एकच असावा लागतो, कारण जो म्हणतो की ते करणारा कोणी दुसराच होता, त्याच्याजवळ माफी मागण्यासारखे काही उरत नाही. निघून न जाणे ही चूक, असे म्हणताना कृतीची जागा कृतीच्या अभावाने घेतली. समोरच्या पोरांना काय म्हटले गेले, याचा उल्लेख त्या वाक्यातून अलगद गळून पडला. तरीही, ज्यांना धमक्या मिळाल्या होत्या त्यांच्यापैकी एका पाहुण्या बाईंनी भर न्यायालयात आपण क्षमा केल्याचे सांगितले, आणि हे असे का वागले गेले ते अजून उमगत नाही, असेही त्या म्हणाल्या. क्षमा मिळाली म्हणून शिक्षा टळली नाही, आणि ते योग्यच झाले. गुन्हा राज्याविरुद्ध असतो, क्षमा व्यक्तीची असते.

तिचे अश्रू खोटे होते, असे येथे म्हणायचे नाही. ते खरे की खोटे, हे न्यायाधीशाला, मानसशास्त्रज्ञाला किंवा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रेक्षकाला कळण्याचा कोणताही भरवशाचा मार्ग नाही, आणि खरी गोम येथेच आहे. अमेरिकी न्यायव्यवस्था पश्चात्तापाला घसघशीत मोल देते. संघराज्याच्या न्यायालयांसाठीच्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत ‘जबाबदारीचा स्वीकार’ या नावाची सवलतच आहे: गुन्ह्याच्या गांभीर्याचे जे अंकी माप ठरते, त्यातून आरोपीने जबाबदारी स्वीकारल्यास दोन अंक कमी होतात, आणि गंभीर गुन्ह्यांत कबुली वेळेवर देऊन सरकारचा खटल्याच्या तयारीचा खर्च वाचवल्यास आणखी एक. नाव नैतिक, हिशेब मात्र कारभाराचा. शिवाय, जो खटला लढवतो त्याला निकालापर्यंत माफी मागताच येत नाही, कारण माफी म्हणजे कबुली आणि कबुली म्हणजे शिक्षा, असे त्याचा वकील त्याला बजावत असतो; त्यामुळे उशिरा आलेली प्रत्येक माफी ढोंगी असते असेही म्हणता येत नाही. आणि निरपराध माणसाची तर याहून वाईट कोंडी होते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली झालेल्या एका बलात्कार प्रकरणात पाच कृष्णवर्णीय व लॅटिनो किशोर दोषी ठरले; मुदतपूर्व सुटकेचा विचार करणाऱ्या पॅरोल मंडळापुढे त्यांनी न केलेल्या गुन्ह्याचा पश्चात्ताप व्यक्त करण्यास नकार दिला, आणि हा नकार त्यांच्याविरुद्धच जमा होत गेला; खरा गुन्हेगार पुढे येऊन त्यांची दोषसिद्धी रद्द झाली ती २००२ मध्ये.

पश्चात्ताप मोजता येत नाही तर मोजायचे काय, याचे एक उत्तर आर्बरी खटल्यात मिळाले. २३ फेब्रुवारी २०२० रोजी जॉर्जियातील ब्रन्सविक गावाजवळ धावण्यासाठी बाहेर पडलेल्या अहमॉड आर्बरी या पंचवीस वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा तीन गौरवर्णीयांनी गाड्यांतून पाठलाग केला आणि त्यांपैकी एकाने त्याला गोळ्या घालून ठार केले. जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा सुनावताना न्यायाधीश टिमोथी वॉल्म्सली एक मिनिट गप्प बसले; हा तरुण सुमारे पाच मिनिटे जीव मुठीत धरून पळत होता, त्याचा एक अंश सर्वांना कळावा म्हणून आपण हे मौन पाळले, असे त्यांनी नंतर सांगितले. पश्चात्ताप म्हणजे नुसते खेदाचे विधान नव्हे, तो वाटावाही लागतो आणि वागण्यातून दिसावाही लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता, आणि तो दिसला की नाही हे ठरवताना त्यांनी तरुण रस्त्यात पडलेला असताना आरोपी पाठ फिरवून चालते झाले, या घटनेकडे बोट दाखवले. गुन्ह्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतले वागणे वकिलाच्या सल्ल्याने घडलेले नसते. सवलतीच्या आशेनेही घडलेले नसते. न्यायालयीन माफीच्या परीक्षेसाठी याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो. संघराज्याच्या न्यायालयात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शिक्षा होताना आरोपींतील बाप-लेकांपैकी पित्याने आर्बरी कुटुंबाची माफी मागितली खरी; तोवर राज्याच्या न्यायालयातून त्याला आजन्म कारावास झालेला होता, आणि राज्याच्या तुरुंगाऐवजी संघराज्याच्या तुरुंगात ठेवावे अशी विनंतीही त्याच वेळी न्यायालयापुढे होती. ती फेटाळली गेली.

याच्या अगदी उलट टोक चार्ल्स्टनच्या खटल्यात दिसते. हत्याकांडानंतर दोनच दिवसांनी काही मृतांच्या नातलगांनी न्यायालयात मारेकऱ्याला न मागताच क्षमा केली. त्याने तुरुंगात लिहिलेल्या वहीत मात्र आपल्याला खेद नसल्याचे आणि एक अश्रूही न ढाळल्याचे नमूद केले, आणि जानेवारी २०१७ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावला गेला. त्या लिखाणाने निदान माफीचा खोटा सोहळा तरी टळला.

आर्बरी प्रकरणात माफीपेक्षा मोठा प्रश्न उत्तरदायित्वाचा होता, म्हणजे ज्यांच्या हाती कायदा सोपवलेला असतो त्यांना त्याचा जाब कोण विचारणार, हा. आरोपींपैकी एक जण पूर्वी जिल्ह्याच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयातच तपासनीस होता. त्या वकिलांनी खटल्यातून अंग काढून घेतले, दुसऱ्या सरकारी वकिलांनी अटकेला आधार नाही असे पत्र लिहिले, आणि हत्येचे चित्रण जगजाहीर होईपर्यंत सुमारे अडीच महिने कोणालाही अटक झाली नाही. या प्रकरणाच्या रेट्यानेच जॉर्जियाने जून २०२० मध्ये द्वेषमूलक गुन्ह्यांविरुद्धचा कायदा केला. पहिल्या सरकारी वकील जॅकी जॉन्सन यांच्यावर २०२१ मध्ये आरोपपत्र ठेवले गेले, परंतु २०२५ मध्ये खटला चालू असतानाच न्यायाधीशांनी ते निकालात काढले.

मिसिसिपी राज्यातील रँकिन काउंटीत तर गुन्हेगार आणि कायदारक्षक एकच निघाले. २४ जानेवारी २०२३ रोजी एका गौरवर्णीय बाईच्या घरात कृष्णवर्णीय माणसे राहतात, अशी शेजाऱ्याची तक्रार आली, म्हणून सहा गौरवर्णीय पोलीस अधिकारी वॉरंटशिवाय त्या घरात घुसले, दोन कृष्णवर्णीयांना वंशवाचक शिव्या देत त्यांनी त्यांचा बराच वेळ छळ केला, ठार मारण्याचे सोंग करताना त्यांपैकी एकाच्या तोंडात गोळी झाडली, आणि नंतर बंदूक व अमली पदार्थ ठेवून उलट त्याच्यावरच गुन्हा नोंदवला. सहाही जणांनी ऑगस्ट २०२३ मध्ये गुन्हे कबूल केले आणि मार्च २०२४ मध्ये त्यांना दहा ते चाळीस वर्षांच्या शिक्षा झाल्या. न्यायालयात माफ्या मागितल्या गेल्या. छळ सोसलेल्यांपैकी एकाने गोळी झाडणाऱ्याला क्षमा केली; दुसऱ्याचे म्हणणे असे होते की हा पकडला गेला नसता तर आजही हेच करत राहिला असता. कोणत्याही कायद्याच्या ग्रंथापेक्षा नेमकी कसोटी या वाक्यात आहे. खोटा गुन्हा त्या माणसाच्या मानेवर असताना, तपास आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी स्वतःहून पुढे येऊन तो मागे घेण्यासाठी कोणी तोंड उघडले, तर त्या उघडण्याला माफी म्हणता येते.

या अधिकाऱ्यांच्या एका तुकडीने स्वतःला गुंडांची टोळी म्हणवून घेत त्या नावाची नाणी पाडून घेतली होती, आणि तिचे वरिष्ठ असलेले शेरिफ, म्हणजे काउंटीचे लोकनियुक्त पोलीसप्रमुख, ब्रायन बेली यांनी आपल्याला काहीच ठाऊक नव्हते, आपल्याशी खोटे बोलले गेले, असा पवित्रा घेतला. शेरिफ हे पद निवडणुकीने भरले जाते, त्यामुळे त्याला जाब विचारण्याचा पहिला हक्क मतदारांचा. अधिकाऱ्यांच्या कबुलीनंतर तीन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, बेली त्या पदावर पुन्हा निवडून आले, आणि त्यांच्याविरुद्ध कोणी उमेदवार उभा नव्हता.